गुठळी विरघळते, पण रक्तवाहिनीच्या अस्तराचं काय होतं?

गेल्या श्रावणात माझ्या काकांना स्ट्रोक आला. पहाटे साडेपाचला उठले तर उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलायला गेले तर शब्दच नीट येईनात. दादानं (माझा चुलत भाऊ) लगेच गाडी काढली, दीड तासात शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचले, सीटी झाला, एमआरआय झाला, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन यांना देता येणार नाही. दादाला ते अजिबात पटलं नाही. औषध हॉस्पिटलात आहे, पैसे भरायची तयारी आहे, गुठळी डोक्यात बसलीये हे मशीनमधे दिसतंय, मग द्यायचं का नाही? पुढचे दोन-तीन महिने तो मला हेच विचारत होता, कारण मी एमएस्सीनंतर तीन वर्षं एका लॅबमधे रक्तवाहिनीच्या पेशी वाढवायचं काम केलंय हे घरात सगळ्यांना माहितीये. त्याला तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथं एकत्र लिहितेय, कारण हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही, स्ट्रोक वॉर्डाच्या बाहेर बसलेल्या प्रत्येक माणसाच्या मनात तो असतो.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते. हे इंजेक्शन स्ट्रोक आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, पण साडेचार तास झाले म्हणून औषध निकामी होत नाही. गुठळी जुनी झाली की जरा चिवट होते हे खरं, पण औषध सहाव्या तासालाही तिला कापायला जातंच. तासागणिक खराब होत जाते ती वेगळीच गोष्ट, ज्या नळीतून रक्त परत धावणार आहे ती नळी. आणि नळी खराब होते म्हणजे तिचं आतलं अस्तर खराब होतं.

अस्तर म्हणजे अगदी ब्लाऊजला लावतो तसंच अस्तर. शास्त्रीय भाषेत एंडोथेलियम. हृदयापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जेवढ्या म्हणून रक्तवाहिन्या आहेत, मोठ्या महाधमनीपासून केसाहूनही बारीक केशवाहिनीपर्यंत, त्या सगळ्यांना आतून पेशींचा एकच थर लावलेला असतो, दोन नाही, एकच. जाडी बहुतेक ठिकाणी एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा अंदाजे शंभरावा भाग. बऱ्याच वर्षांपर्यंत डॉक्टर लोक याला नुसतं आवरण समजायचे, जसं भांड्याला कल्हई, चकचकीत असतं आणि गंजू देत नाही, संपलं. ते मत बदललं 1980 साली. रॉबर्ट फर्चगॉट म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ होते, ते सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते, एकच औषध टाकलं की कधी पट्टी सैल पडायची आणि कधी उलटी आकसायची. शेवटी लक्षात आलं की पट्टी कापताना, हाताळताना आतला थर घासून निघाला असेल तर ती सैल पडत नाही. म्हणजे सैल पड असं सांगणारं अस्तरच होतं. त्या निरोपाचं रसायन पुढं नायट्रिक ऑक्साइड निघालं आणि त्याबद्दल 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

आता हे अस्तर दिवसभर काय करतं बघा. रक्त ही मुळात गोठायला टपलेली गोष्ट आहे, बोट कापलं की काही मिनिटांत गोठतंच की. मग आत का गोठत नाही? कारण अस्तर त्याला गोठू देत नाही. ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, प्रोस्टासायक्लिन सोडतं, या दोन्हींमुळे प्लेटलेट्स चिकटत नाहीत. त्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंची एक बुळबुळीत लव असते, पाण्यातल्या दगडावर शेवाळ असतं ना तशी, तिच्यात हेपॅरिनसारखे (म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधासारखे) रेणू असतात. थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं एक प्रथिन असतं, ते तर थ्रॉम्बिनला (म्हणजे गुठळी बनवणाऱ्या मुख्य एन्झाइमला) पकडतं आणि त्याच्याचकडून उलटं, गोठणं थांबवायचं काम करून घेतं. आणि एवढं करूनही कुठं बारीकशी गुठळी झालीच तर अस्तर स्वतः एक औषध सोडतं, टिश्यू प्लाझ्मिनोजेन अॅक्टिव्हेटर, लोक टीपीए म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, कारण हॉस्पिटलात जे गुठळीचं इंजेक्शन देतात, अल्टेप्लेज, ते म्हणजे हेच टीपीए, फक्त कारखान्यात बनवलेलं आणि अस्तर एरवी जेवढं सोडतं त्याच्या कितीतरी पट जास्त डोसमधे दिलेलं. दादाला हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला होता जरा वेळ.

पण या अस्तराची दुसरी बाजूही आहे. त्याच पेशींच्या पोटात लांबुळक्या सिगारसारख्या पिशव्या असतात, वायबेल आणि पॅलेड या दोघांनी 1964 साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या म्हणून त्यांचंच नाव पडलंय, त्यात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर भरलेला असतो, म्हणजे प्लेटलेट्स चिकटवायचा डिंकच म्हणा. कुठं जखम झाली की पिशव्या फुटतात, डिंक बाहेर, आणि जे अस्तर इतका वेळ कुणाला चिकटू देत नव्हतं तेच बोलावून चिकटवायला लागतं. रक्तस्राव थांबवायला हे हवंच. म्हणून अस्तर चांगलं की वाईट असं काही नसतं, प्रश्न असतो की ते शांत आहे का भडकलंय.

तंबाखू, वर्षानुवर्षं वाढलेली साखर, बीपी, यांनी अस्तर कायम थोडं भडकलेलंच राहतं. आमचे काका चुना-तंबाखू खातात पंचवीसेक वर्षं आणि बीपीची गोळी आठवण केली तर घेतात, नाहीतर नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडं प्रत्येक घरात डी-डायमरचे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फिरत होते ते आठवतंय ना, तेव्हाही हेच झालं होतं, आजारानं अस्तर भडकलं आणि जागोजागी गुठळ्या व्हायला लागल्या. डी-डायमर म्हणजे काय तर गुठळीचं जाळं कापलं गेलं की जे बारके तुकडे रक्तात येतात ते. म्हणजे तो आकडा वाढला याचा अर्थ शरीरात कुठंतरी गुठळी होतेय आणि त्याच वेळी विरघळतेही आहे.

बरं, आता गुठळी अडकली. आपण सगळे समजतो की गुठळी म्हणजे पाइपमधे अडकलेला बोळा, बोळा काढला की पाणी सुरू. मला इथं थोडं थांबायचंय कारण सगळा घोळ या समजुतीत आहे. पाइप मेलेला असतो, अस्तर जिवंत आहे, बोळ्याखाली दाबलेल्या पेशी तिथं नुसत्या पडून नसतात, त्यांना एकाच वेळी तीन बाजूंनी मार बसत असतो.

पहिला मार थ्रॉम्बिनचा. हा मी डोळ्यांनी बघितलाय. लॅबमधे आम्ही पेशी आणायचो त्या बाळाच्या नाळेतून. प्रसूतिगृहातून बर्फावर ठेवलेल्या बाटलीत नाळ यायची, रीतसर परवानगी घेतलेली असायची. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते, त्या शिरेत सुई घालून आधी सगळं रक्त धुवून काढायचं, मग एक एन्झाइम भरून दोन्ही टोकं चिमट्यानं बंद करायची, दहा-पंधरा मिनिटं कोमट ठेवायची, हलक्या हातानं चोळायची आणि आतलं पाणी काढून घ्यायचं, की अस्तराच्या पेशी सुटून येतात. ही पद्धत 1973 पासून जगभर वापरतात. त्या जिलेटिन लावलेल्या फ्लास्कमधे 37 डिग्रीला ठेवल्या की चार-पाच दिवसांत तळ भरून जातो, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर वाटतं कुणीतरी मन लावून फरसबंदी केलीये, एकही फट नाही. मग त्यावर थ्रॉम्बिनचे काही थेंब टाकायचे. पाच-दहा मिनिटांत पेशी अंग चोरायला लागतात, कडा आत ओढतात, आणि दोन पेशींच्या मधे काळ्या फटी दिसायला लागतात, आधी एक, मग दुसरी, मग सगळीकडं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरले होते. तर गुठळीत असा थ्रॉम्बिन ठासून भरलेला असतो आणि तो अस्तराला अगदी खेटून असतो. आधी ज्याला अस्तर पकडून कामाला लावत होतं तोच आता त्याचे सांधे उसवतोय.

दुसरा मार फायब्रिनचा. फायब्रिन म्हणजे गुठळीचं जाळं, मासे धरायच्या जाळ्यासारखे धागे. हे धागे नुसते पडून राहत नाहीत, अस्तराच्या पेशींना जोडून ठेवणारं जे प्रथिन असतं त्यालाच जाऊन धरतात, त्यामुळं पेशी आणखी आकसतात आणि आणखी डिंक बाहेर सोडतात. म्हणजे गुठळी स्वतःच्या वाढीची सोय स्वतःच करून घेते.

तिसरा मार सगळ्यात मोठा, रक्ताचा प्रवाहच थांबणं. ऑक्सिजन नाही हे तर आलंच, पण त्याशिवाय अजून एक गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नसते. अस्तराच्या पेशींना वाहतं रक्त अंगावरून जाताना जाणवतं, ते घासणं त्यांना लागतं, त्या घासण्यामुळंच त्या नायट्रिक ऑक्साइड बनवत राहतात. (म्हणूनच डॉक्टर चालायला सांगतात, चालताना रक्त जोरात वाहतं आणि अस्तर शांत राहतं.) प्रवाह थांबला की हा निरोप बंद. वरून पेशीतली ऊर्जा संपते, मीठ-पाणी बाहेर फेकायचे पंप बंद पडतात, पेशी पाणी पिऊन फुगते. आता केशवाहिनी मुळातच इतकी अरुंद की लाल पेशी एका मागोमाग एक अंग मुडपून जातात, त्यात अस्तर आतून फुगलं तर वाट उरते किती? अंगावरची बुळबुळीत लव झडून जाते, बाहेर पांढऱ्या पेशींना धरायचे हूक उगवतात. आणि मेंदूच्या केशवाहिनीला बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी असतात, त्या घट्ट आवळतात आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की कधीकधी तशाच आवळलेल्या अवस्थेत मरतात. मरणारा माणूस मूठ वळून मरतो तसं.

हे सगळं चालू असताना मोठ्या स्ट्रोकमधे दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरत असतात, हा हिशोब 2006 साली अमेरिकेतल्या एका न्यूरॉलॉजिस्टनं मांडला आणि आता जगभर तोच सांगतात. या मेंदूच्या पेशींचं सगळे बोलतात. अस्तराचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतेय.

आता इंजेक्शन. गुठळी विरघळवायच्या औषधांची सुरुवात 1933 मधे झाली, विल्यम टिलेट या अमेरिकन डॉक्टरांना बाल्टिमोरमधल्या कामात दिसलं की घसा दुखवणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू एक असा पदार्थ सोडतात की गोठलेलं रक्त पातळ होतं. तेच पुढं स्ट्रेप्टोकायनेज. 1986 साली इटलीत 11,712 हार्ट अटॅकच्या पेशंटवर जिसी (GISSI) नावाची ट्रायल झाली, त्यात स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्यांत मृत्यू 13 टक्क्यांवरून 10.7 टक्क्यांवर आले, आणि ज्यांना पहिल्या तासातच मिळालं त्यांच्यात तर जवळजवळ निम्म्यानं घटले. आपल्याकडं गावोगावच्या छोट्या आयसीयूत अजूनही कितीतरी जणांचे जीव या औषधानं वाचतात कारण ते स्वस्त आहे. पण त्याचा एक दोष, ते गुठळीवरच काम करत नाही, सगळ्या रक्तात फिरून जे दिसेल ते चेतवत सुटतं. टीपीए त्या मानानं शहाणं, ते फायब्रिनला चिकटलं की मगच जोरात काम करतं. तिथं ते प्लाझ्मिनोजेन नावाच्या निद्रिस्त प्रथिनाला जागं करून प्लाझ्मिन बनवतं आणि प्लाझ्मिन म्हणजे कात्री, धागे कापत जाते. त्याच्याही पुढचं टेनेक्टेप्लेज, आपल्या पुण्यातली जेनोवा कंपनी बनवते, ते जास्त वेळ टिकतं म्हणून तासभर सलाइनमधून सोडायची गरज नाही, एका दमात शिरेत ढकलायचं.

स्ट्रोकसाठी टीपीए खरंच उपयोगी आहे हे 1995 च्या अमेरिकन ट्रायलनं दाखवलं, 624 पेशंट, तीन तासांच्या आत. तीन महिन्यांनी बघितलं तर औषध मिळालेले लोक जवळपास पूर्ण बरे असण्याची शक्यता न मिळालेल्यांपेक्षा निदान 30 टक्क्यांनी जास्त. पण त्याच ट्रायलमधे मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला तो औषधवाल्यांत 6.4 टक्के आणि दुसऱ्या गटात 0.6 टक्के. म्हणजे दहापट. तरीही एकूण फायदाच जास्त म्हणून औषध मान्य झालं, 2008 मधे युरोपातल्या अभ्यासानंतर वेळ साडेचार तासांपर्यंत वाढली. पण हा दहापट रक्तस्राव येतो कुठून? इथंच परत अस्तर येतं.

मेंदूतलं अस्तर बाकी शरीरासारखं नसतं. बाकी ठिकाणी पेशींच्या मधून थोडं पाणी, थोडे रेणू ये-जा करतात, मेंदूत मात्र पेशी एकमेकींना अशा शिवलेल्या असतात की जवळपास काहीच झिरपत नाही, यालाच रक्त-मेंदू अडसर म्हणतात. हा शिवणकामाचा धागा गुठळीमुळं आधीच उसवायला लागलेला असतो. त्यात टीपीए आलं. टीपीए फक्त फायब्रिन कापून गप्प बसत नाही, ते अस्तराच्या पेशींवरच्या रिसेप्टरला जाऊन भिडतं आणि त्यामुळं एमएमपी-9 नावाचं एक एन्झाइम वाढतं. हे एन्झाइम काय खातं तर पेशी ज्या जाळीदार पायावर बसल्यात तो पायाच खातं. अस्तर उसवलेलं, खालचा पाया कुरतडलेला, आणि त्यावर अचानक पूर्ण दाबानं रक्त सुरू. फुटणार नाही तर काय होणार?

आमच्याकडं रानात पाटाचं पाणी येतं. आवर्तन लांबलं की कच्चा पाट उन्हानं वाळतो, काळ्या मातीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. पाच-सहा दिवस कोरडा असेल तर पाणी सोडा, काही होत नाही, थोडं जिरतं आणि पुढं जातं. पण दोन महिने वाळलेल्या पाटात जर कुणी एकदम दार उघडलं तर पाणी शेताच्या टोकाला पोचतच नाही, मधेच कुठंतरी बांध खचतो आणि भलत्याच्या वावरात तळं होतं. पाणी तेच, दार तेच. दादा शेती करतो, त्याला एमएमपी सांगून कळलं नाही पण हे एका वाक्यात कळलं.

म्हणून तर इंजेक्शन दिल्यावर पुढचे 24 तास बीपी 180/105 च्या खाली ठेवायची एवढी धडपड असते, नर्स सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी पट्टा लावत असते, नातेवाईकांना वाटतं एवढं काय सारखं सारखं. त्यांची नजर त्या बांधावर असते. साखर खूप वाढलेली असली तरी अस्तर जास्त गळतं म्हणून तीही बघतात.

ऑक्सिजन परत येणं हाही एक मारच आहे, हे ऐकायला विचित्र वाटतं. इतका वेळ उपाशी राहिलेल्या पेशीला एकदम ऑक्सिजन मिळाला की तिच्यात घातक रसायनांचा भडका उडतो, ती उरलंसुरलं नायट्रिक ऑक्साइड जाळून टाकतात, आणि जे हूक अस्तरावर उगवलेले असतात त्यांना पांढऱ्या पेशी येऊन लटकतात, आणखी नासधूस करतात. त्यामुळं असंही होतं की मोठी नळी पूर्ण मोकळी झाली, फोटोत छान दिसतेय, तरी पुढच्या बारीक नळ्यांत रक्त जातच नाही. सशाच्या मेंदूत हे 1968 मधे दाखवलं गेलं, कुत्र्याच्या हृदयात 1974 मधे. अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर नो-रिफ्लो म्हणतात, ब्लॉकेज उघडलंय पण फ्लो येत नाहीये असं नातेवाईकांना सांगतात आणि नातेवाईकांना काही कळत नाही. दरवाजा उघडला पण आतल्या सगळ्या बोळी फुगून, चिकटून बंद झाल्यात, एवढाच त्याचा अर्थ.

आणि अजून एक भानगड, गुठळी विरघळताना तिच्यात अडकलेला थ्रॉम्बिन मोकळा होतो. जिवंत, काम करणारा थ्रॉम्बिन. समोर सोललेलं, चिडलेलं अस्तर. त्यात प्लेटलेट्समधून आणि अस्तरातूनही टीपीएला बांधून ठेवणारं पीएआय-1 नावाचं प्रथिन सुटतं. म्हणजे विरघळवायच्या औषधाच्या पाठोपाठ परत गोठायची तयारी सुरू. म्हणून हार्ट अटॅकला हे इंजेक्शन देताना सोबत अॅस्पिरिन आणि हेपॅरिन देतातच, 1988 च्या आयसिस-2 या 17,187 पेशंटच्या ट्रायलमधे दिसलं होतं की स्ट्रेप्टोकायनेज आणि अॅस्पिरिन दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा जास्त जीव वाचवतात. पण स्ट्रोकला टीपीए दिल्यावर मात्र अॅस्पिरिन 24 तास थांबवतात. एकच गुठळी, एकच औषध, आणि नियम उलटा, का? कारण हृदयाचा स्नायू थोडं रक्त झिरपलं तर सहन करतो, मेंदू कवटीच्या डब्यात बंद आहे, तिथं गळणाऱ्या अस्तरावर अजून रक्त पातळ करायचं औषध घालणं परवडत नाही. स्ट्रेप्टोकायनेजही याच कारणानं स्ट्रोकमधे मागं पडलं, नव्वदच्या दशकात तीन ट्रायल रक्तस्रावामुळं मधेच थांबवाव्या लागल्या.

ही भीती वाचून कुणी इंजेक्शनला नाही म्हणू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. वेळेत असलेल्या पेशंटला ते नाकारणं ही मोठी चूक होईल, त्या 1995 च्या ट्रायलमधे रक्तस्राव जास्त होऊनही तीन महिन्यांनंतरचे मृत्यू औषधवाल्यांत जास्त नव्हते, उलट थोडे कमीच होते, 17 टक्के विरुद्ध 21. अस्तर अजून शाबूत असताना दार उघडलं तर पाट वाहतो, इतकं साधं आहे ते.

म्हणून पेशंट आणला की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो हा, की शेवटचं नीट कधी बघितलं होतं? कधी लक्षात आलं हे नाही, शेवटचं ठणठणीत कधी होते. घरच्यांनी ही वेळ आठवून सांगायची, अंदाजे नाही, टीव्हीवर काय चालू होतं, कुणाचा फोन आला होता, त्यावरून काढायची. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं की 108 ला फोन करायचा, घरात पडलेली अॅस्पिरिन द्यायची नाही कारण सीटी केल्याशिवाय गुठळी आहे का रक्तस्राव हे कुणालाच कळत नाही, आणि ते बोटांना सुई टोचून रक्ताचे थेंब काढायचे मेसेज फिरतात ना, त्यात दहा मिनिटं गेली तर 19 लाख गुणिले दहा करा.

आमच्या काकूंनी वेळ बरोबर सांगितली होती, रात्री साडेदहाला दूध पिऊन झोपले, तेव्हा चांगले बोलत होते. तिथून सकाळी हॉस्पिटलात पोचेपर्यंत साडेआठ तास. पण झोपेत आलेल्या स्ट्रोकला हल्ली सरसकट नाही म्हणत नाहीत, 2018 मधे एक युरोपियन ट्रायल झाली तेव्हापासून एमआरआय करून बघतात. एमआरआयच्या एका प्रकारच्या फोटोत मेंदूला मार बसल्यावर काही मिनिटांतच डाग दिसतो, आणि फ्लेअर नावाच्या दुसऱ्या प्रकारात तोच डाग काही तासांनी, तिथं पाणी साचायला लागल्यावर दिसतो. पहिल्यात आहे आणि फ्लेअरमधे नाही, म्हणजे स्ट्रोक ताजा आहे, पहाटे कधीतरी झाला असणार, इंजेक्शन देता येतं. दोन्हीत आहे म्हणजे वेळ गेली. काकांच्या दोन्हीत होता. मोठ्या नळीत गुठळी असती तर तार घालून ओढून काढता आली असती, ते निवडक पेशंटमधे 24 तासांपर्यंत करतात, पण काकांची गुठळी बारीक फांदीत होती.

अस्तर परत भरून येतं का हे दादानं विचारलं होतं. येतं. लॅबमधे थ्रॉम्बिन धुवून टाकला की तास-दोन तासांत फटी परत मिटलेल्या दिसायच्या, पेशी हळूहळू अंग पसरायच्या. फ्लास्कमधे पिपेटच्या टोकानं ओरखडा काढला तर दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत मधे आलेल्या असायच्या. शरीरात जास्त दिवस लागतात, आणि तोपर्यंत तंबाखू चालू असेल, बीपी चढलेलं असेल तर भरून येणारं अस्तरही चिडकंच येतं. स्टॅटिनची गोळी कोलेस्टेरॉलसाठी देतात असं सगळे समजतात, ती अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायलाही मदत करते. काका आता गोळ्या घेतात, तंबाखूची डबी काकूंनी विहिरीत टाकली.

दिवाळीत घरी गेले तेव्हा दादानं एमआरआयच्या फिल्मचा मोठा पाकीट काढला. आम्ही ती फिल्म खिडकीच्या काचेला लावली, मागून ऊन येत होतं. मी त्याला फ्लेअरची रांग दाखवली, डाव्या बाजूला तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा पांढरा डाग. हे पाणी आहे, म्हटलं, तिथलं अस्तर उसवून झिरपलेलं, आपण पोचायच्या आधीच. तो बराच वेळ बोट ठेवून बघत राहिला.

"मग तेव्हा इंजेक्शन दिलं असतं तर इथनं रक्त आलं असतं?"

"येण्याची शक्यता होती."

त्यानं फिल्म काचेवरून काढली, उलटसुलट बघून नीट पाकिटात सरकवली आणि कपाटात वरच्या खणात, जमिनीच्या कागदांबरोबर ठेवून दिली.